पहाटे आठ अंश, दुपारी तीस: पुण्याच्या थंडीत घरचा घोडा

प्रश्न थोडक्यात असा: पौडच्या पुढे छोटे शेतघर आहे. पंधरा दिवसांपूर्वी सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून चार वर्षांची मारवाडी घोडी आणली. आधीपासून वीस वर्षांचा, शर्यतीतून निवृत्त झालेला थरोब्रेड आहे. पहाटे पारा सात-आठ अंशांवर येतो, म्हणून तबेल्याला चारही बाजूंनी ताडपत्री लावली, दोघांवर दिवसरात्र ब्लँकेट ठेवले, रात्री दाराशी शेकोटी सुरू केली, चंदीत, म्हणजे रोजच्या दाण्यात, बाजरी आणि गूळ वाढवला. तरी घोडी पाणी कमी पिते आणि सकाळी ठसकते. म्हातारा बारीक होत चालला आहे. आणखी काय करावे?

आणखी काही करण्याआधी, जे केले आहे त्यातले निम्मे काढून टाका. शेकोटी आज रात्रीपासून बंद. ताडपत्री वरून दीड-दोन फूट खाली घ्या. ब्लँकेट दिवसा कोणाच्याच अंगावर नको, आणि घोडी निरोगी असेल तर तिच्या अंगावर रात्रीही नको. बाजरीच्या जागी सुका चारा वाढवा. घोडी ठसकते ती थंडीने नव्हे, कोंडलेल्या हवेने आणि धुराने ठसकत असावी. पण ती नुकतीच बाजारातून, लांबचा प्रवास करून आली आहे, त्यामुळे दुसरे एक कारण आधी तपासावे लागेल. ते पुढे येतेच.

आपण स्वेटर घालूनही कुडकुडतो म्हणून घोडाही कुडकुडत असेल, हा हिशेब चुकतो. कोरड्या अंगाचा, पोटभर चारा मिळालेला धडधाकट घोडा ५ ते २५ अंशांच्या दरम्यान वेगळी शक्ती खर्च न करता अंग गरम राखतो. थंड प्रदेशात दाट केस वाढवलेले घोडे तर शून्याच्या बरेच खाली उघड्यावर राहतात. आपल्याकडे इतके दाट केस येत नाहीत, कारण हिवाळी लव दिवसाच्या लांबीवर वाढते आणि पुण्याचा डिसेंबरातला दिवसही अकरा तासांचा असतो. तरीही जी लव येते ती पुरेशी असते. गारठा वाढला की केस उभे राहतात, त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि तीच घोड्याची रजई होते. ही रजई तीन गोष्टींनी मोडते: ओलावा, वारा आणि रिकामे पोट. ओल्या अंगाच्या घोड्याला पंधरा अंशांतही हुडहुडी भरू शकते. कोरडा घोडा सात अंशांत निवांत उभा असतो.

पुण्याच्या थंडीची खरी अडचण वेगळी आहे. जानेवारी १९३५ मध्ये इथे १.७ अंशांची नोंद झाली होती, पण नेहमीच्या हिवाळ्यात पहाटे सात ते दहा आणि दुपारी अठ्ठावीस-तीस असा खेळ असतो. पाषाण, शिवाजीनगर, एनडीए या भागांत पारा कोरेगाव पार्क किंवा मगरपट्ट्यापेक्षा नेहमी खाली असतो, आणि मुळशी-मावळच्या खोलगट जागी, ओढ्याकाठी गार हवा साचते. म्हणजे आठ तासांत वीस अंशांचा फरक. पहाटेच्या थंडीसाठी बांधाबांध केलेला घोडा अकरा वाजता घामाने भिजतो आणि संध्याकाळी त्याच ओल्या अंगाने गारठतो. म्हणून इथे घोड्याची काळजी तापमापकापेक्षा घड्याळावर चालते.

पारा पाचच्या खाली गेलाच, तर प्रत्येक अंशामागे घोड्याची शक्तीची गरज साधारण दोन ते अडीच टक्क्यांनी वाढते. साडेतीनशे किलोच्या घोडीला हे दिवसाला दीडशे ग्रॅम सुक्या चाऱ्याइतके भरते. तीन अंश खाली गेले तरी अर्धा किलो. एवढ्यासाठी तबेल्याचा बंकर करायचा आणि चंदी दुप्पट करायची गरज नाही.

आता तबेला. आत उभे राहून वास घेऊ नका. सकाळी सहाला, लीद काढण्याआधी, अंथरुणाजवळ गुडघ्यावर बसा, तोंड जमिनीपासून फूटभर ठेवा आणि मिनिटभर श्वास घ्या. डोळे चुरचुरले किंवा नाकात झणझणले, तर तो मुताचा अमोनिया आहे. घोडा पहाटे आडवा होतो तेव्हा त्याचे नाक बरोबर त्या उंचीवर असते. श्वासनळीच्या आतले बारीक केस धूळ आणि कफ वर ढकलत असतात, अमोनिया त्यांनाच निकामी करतो. मग चाऱ्याची धूळ, बुरशीचे कण, शेकोटीचा धूर सगळे फुफ्फुसात साठते. ठसका इथून सुरू होतो आणि वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर दम्यासारखा कायमचा आजार होतो. डासांसाठी गोवऱ्यांची धुरी करण्याची पद्धत आहे, तिचेही तेच. शेकोटीने तबेल्याचे तापमान फारसे वाढतही नाही, आणि कडबा-पेंढ्याच्या दहा पावलांवर विस्तव हा धोका कोणत्याही थंडीपेक्षा मोठा आहे. हीटर, मोठे बल्ब, उघड्या वायरी यांनाही हाच नियम. उंदीर वायर कुरतडतात आणि ठिणगी पेंढ्यात पडते.

वारा अडवायचा तो घोड्याच्या पाठीच्या उंचीपर्यंत, म्हणजे जमिनीपासून पाच फूट. हिवाळ्यात रात्रीचा गार वारा आपल्याकडे बहुतेक उत्तर-पूर्वेकडून येतो, त्या दोन बाजू ताडपत्रीने, बांबूच्या तट्ट्याने किंवा गवताच्या पेंढ्या रचून बंद करा. वरचा दीड-दोन फूट भाग चारही बाजूंनी उघडा हवा. गरम दमट हवा वर जाते, तिला वाट मिळाली नाही तर ती छताच्या पत्र्याला लागून थंड होते आणि पहाटे पाचच्या सुमारास थेंब थेंब घोड्याच्या पाठीवर पडते. सकाळी पाठ आणि पुठ्ठा (शेपटीवरचा मागचा भाग) ओला, पण पोट कोरडे असेल, तर घाम आला असे समजू नका, आधी हात लावून पत्रा बघा. पत्र्याखाली तट्ट्या किंवा वाळक्या गवताचे पातळ अस्तर बांधले की ठिबकणे थांबते, आणि उन्हाळ्यातही त्याचा उपयोग होतो.

खाली शहाबादी फरशी असेल तर रबरी मॅट टाका. त्यावर भाताचा पेंढा किंवा तूस, दाबल्यावर सहा इंच राहील इतके, भिंतीकडेला थोडे अधिक. मुळशी-मावळात भातकापणी नुकतीच संपलेली असते, पेंढा स्वस्त मिळतो. ओला भाग दिवसातून दोनदा पूर्ण उचला. वरून नवीन पेंढा टाकून झाकू नका, खालचे कुजते आणि खुराच्या तळव्यातल्या मऊ भागाला काळी, घाण वासाची सड लागते. अंथरूण झटकताना घोडे बाहेर असू द्या.

घोडीच्या ठसक्याचे दुसरे कारण प्रवास आणि बाजार हे असू शकते. तापीकाठचा हा बाजार दत्तजयंतीच्या आसपास भरतो आणि शेकडो जनावरे एकत्र येतात. तिथून इथवर दहा-बारा तास ट्रक, बहुतेक रात्रीचा, आणि तोंड वर करून आखूड दोरीला बांधलेले. घोड्याला डोके खाली घालता आले नाही की नाक-घशातला चिकटा बाहेर पडत नाही, तो खाली फुफ्फुसात उतरतो आणि दोन-चार दिवसांत न्यूमोनिया होतो. शिवाय स्ट्रँगल्स हा संसर्ग बाजारातून येतो: ताप, नाकातून घट्ट पिवळा शेंबूड, जबड्याखाली लिंबाएवढ्या गाठी. म्हणून घोडीला म्हाताऱ्यापासून तीन आठवडे वेगळे ठेवा. पंधरा दिवस झाले आहेत, अजून आठवडा राहिला. बादली, खरारा, झूल, सईसाचा (घोड्याची निगा राखणाऱ्याचा) फडका काहीच सामायिक नको, आणि काम आधी म्हाताऱ्याचे, मग घोडीचे. ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची रक्तचाचणी झालेली नसेल तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून नमुना पाठवून घ्या. हा रोग माणसालाही होतो, तो कळवणे कायद्याने बंधनकारक आहे आणि चाचणी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या देखरेखीखालच्या व्यवस्थेतून होते.

ताप मोजायला शिका, हे एकच कौशल्य दहा अंदाजांना पुरते. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, मागच्या टोकाला दोरा आणि कपड्याचा चिमटा बांधा, चिमटा शेपटीच्या केसांना लावा म्हणजे तो आत ओढला जात नाही किंवा पडून फुटत नाही. टोकाला व्हॅसलिन लावून, घोड्याच्या मागे नव्हे तर पुठ्ठ्याच्या बाजूला चिकटून उभे राहा, शेपूट बाजूला घ्या, थर्मामीटर गुदद्वारात दोन इंच घालून किंचित तिरका ठेवा, म्हणजे टोक लिदीत न राहता आतड्याच्या भिंतीला टेकेल. ३७.५ ते ३८.५ अंश, म्हणजे ९९.५ ते १०१.३ फॅरनहाइट, हे ठीक. सकाळ-संध्याकाळ आठवडाभर वहीत लिहा. नाकातून पातळ पाण्यासारखे येते आणि ताप नाही, तर हवा सुधारून चार दिवस बघा. ३९ च्या वर गेला, शेंबूड घट्ट झाला, श्वास मिनिटाला वीसच्या वर राहिला किंवा चारा टाकला, तर त्याच दिवशी डॉक्टर.

पाण्याकडे मी सर्वांत जास्त लक्ष द्यायला सांगेन, कारण हिवाळ्यात घोडे मरतात ते बहुतेक गारठून नव्हे, पोट गच्च होऊन. पावसाळ्यात हिरव्या गवतातूनच खूप पाणी मिळत असते. डिसेंबरात चारा वाळका होतो, पाण्याची गरज वाढते, आणि नेमके तेव्हाच पाणी गार होते म्हणून घोडा कमी पितो. मोठ्या आतड्याच्या वळणात सुका चारा अडकून बसतो. साडेतीनशे किलोच्या घोडीने सुक्या चाऱ्यावर दिवसाला वीस-पंचवीस लिटर पाणी प्यायला हवे, म्हाताऱ्याने तीस-पस्तीस.

आधी मोजा. वाहत्या नळाखालचा हौद सोयीचा असला तरी हे दोन महिने बादलीच वापरा, आतून रंगाने पाच-पाच लिटरच्या खुणा करा. गच्चीवरच्या टाकीतले पाणी पहाटे सर्वांत गार असते, त्यामुळे सकाळी सोळा लिटर पाण्यात दीड लिटर उकळते पाणी ओता, हाताने ढवळा, १८-२० अंशांच्या आसपास येते. एवढे पुरे, गरम नको. दुपारी हौदातले उन्हाने तापलेले पाणी बादलीत काढून दिले तरी चालते. रात्री दहाला शेवटची बादली पुन्हा कोमट करून, भरलेली. काही घोडे नव्या गावच्या पाण्याची चवच नाकारतात, विहिरीचे आणि टँकरचे पाणी वेगळे लागते. पहिले काही दिवस पाण्यात मूठभर गूळ विरघळवून द्या आणि हळूहळू कमी करा. तुमच्या गुळाचा खरा उपयोग इथे आहे. शेजारी साध्या पाण्याची बादली असू द्या. रोज तीस ग्रॅम साधे मीठ, दोन सपाट मोठे चमचे, ओलसर चंदीत मिसळा, तहान लागते.

लीद रोज बघा. गोळे ओलसर, हातात दाबले तर फुटणारे हवेत, दिवसात आठ-दहा वेळा. गोळे लहान, कडक, चकचकीत आणि वेळा पाच-सहावर आल्या, तर पाणी कमी पडते आहे. वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट फिरवा, ओली-निसरडी हवी. बोटाने दाबून सोडा, पांढरा ठसा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. ओठ उचललाच आहे तर हिरडीच्या कडेने नीट पाहा. डोंगरउतारावरचे गवत उशिरा कापले की त्यात कुसळी असते, तिची कुसळे दात आणि ओठाच्या मधल्या खोबणीत रुततात आणि भोवती लालसर फोड येतात. अशा तोंडाला गार पाणी झोंबते. 'घोडी पाणी पीत नाही' ही तक्रार अनेकदा इथे सुटते. कुसळे बोटाने, ओल्या फडक्याने काढायची, आणि ते गवत पुन्हा घोड्याला नाही.

चाऱ्याचा हिशेब वजनावर होतो. काटा नसेल तर टेप घ्या: पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १६५ आणि लांबी १५० असेल तर ३४४ किलो. याचे दोन टक्के, म्हणजे सात किलो सुका चारा हा पाया. कडाक्याच्या रात्री त्यावर अर्धा ते एक किलो. सकाळी दोन किलो, दुपारी दीड, आणि उरलेला निम्मा संध्याकाळी सात आणि रात्री दहा अशा दोन खेपांत.

रात्री जास्त का? घोड्याच्या पोटाची भट्टी मागच्या बाजूला आहे. मोठ्या आतड्यात जिवाणू चाऱ्याचा तंतू आंबवतात आणि त्यातून सतत उष्णता निघते, रात्रभर, सावकाश. धान्य वरच्या आतड्यातच पचते, त्यातून शक्ती मिळते पण ही ऊब कमी मिळते. म्हणून कुडकुडणाऱ्या घोड्यापुढे आधी चारा टाकायचा. बाजरी 'उष्ण' म्हणून दिली जाते, पण ती कडक बारीक दाण्यांची, भरडली नाही तर तशीच लिदीत दिसते, आणि भरडून जास्त दिली तर पिष्ट मोठ्या आतड्यात उतरून आम्ल होते, पोटदुखी आणि खुरातला दाह सुरू होतो. कोणतेही धान्य एका वेळी दीड किलोच्या वर नाही. भरडलेले ओट किंवा उकडलेले जव घोड्याला अधिक मानवतात. रम-ब्रँडी तर कधीच नको: दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, घोडा वरून गरम लागतो आणि आतून थंड होतो.

पुण्याच्या चाऱ्याबद्दल थोडे नेमके सांगायला हवे. कुसळ नसलेले, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापलेले पवना-मारवेल-शेड्याचे वाळके गवत उत्तम. नवा रब्बी कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणजे आज बाजारात मिळतो तो बराचसा गेल्या वर्षीचा, पावसाळा काढलेला. पेंढी मधोमध सोडून वास घ्या. कुबट वास, काळे ठिपके, झटकल्यावर उडणारी पांढरट भुकटी असेल तर ती गाईलाही नको आणि घोड्याला तर नकोच. कडबाकुट्टी एक-दीड इंचाची करा, अगदी बारीक कुट्टी घोडा न चावता गिळतो आणि ती अडकते. देण्याआधी पंधरा-वीस मिनिटे पाण्यात भिजवून निथळवा: धूळ बसते आणि पोटात दोन-तीन लिटर पाणी आपोआप जाते. ठसकणाऱ्या घोड्याला न भिजवलेला कोरडा चारा अजिबात नको.

पूर्वेकडच्या तालुक्यांतून कोणी हिरवी ज्वारी देऊ केली तर घेऊ नका. कोवळ्या ज्वारीने किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, हे गुरांमुळे सर्वांना माहीत आहे, पण घोड्यांत आणखी एक प्रकार होतो: काही आठवडे खाल्ल्यावर मूत्राशय सुजते आणि मागचे पाय लुळे पडतात. लसूणघास हिवाळ्यात छान येतो. घोडीला चार-पाच किलो हिरवा, पण पहाटेचा दवाने चिंब कापलेला नाही. दव उतरल्यावर, नऊनंतर कापायचा, दोन तास सावलीत पसरून सुकवायचा, मग गवतात मिसळून द्यायचा. ओला गार घास एकदम खाल्ला की पोट फुगते. गव्हाचा कोंडा आठवड्यातून एकदा 'पोट साफ' व्हायला देण्याची रीत आहे. त्याने पोट साफ होत नाही, अचानक बदलाने बिघडते मात्र. रोज भरपूर दिला तर त्यातल्या फॉस्फरसमुळे हाडांतला चुना निघून जातो. गाईची गोळी पेंड आणि कोंबडीखाद्य घोड्यापासून कुलपात ठेवा. त्यात मोनेन्सिन हे औषध असू शकते, आणि गाय-कोंबडीला चालणारी त्याची मात्रा घोड्याचे हृदय निकामी करते.

झुलीचे आता सांगता येईल. घोडीला, ताप नसेल आणि अंग कोरडे असेल तर, झूल नको. पातळ ब्लँकेटने केस दाबले जातात, आत अडकणारी हवा जाते आणि ऊब मिळण्याऐवजी कमी होते. झूल लागते ती म्हाताऱ्याला, बारीक झालेल्याला, आजाऱ्याला, केस कापलेल्याला. रात्री दहाला घालायची, सकाळी साडेआठला, ऊन अंगावर आले की काढायची. घरातली रजई घसरून पोटाखाली येते, घोडा त्यात पाय अडकवून पडतो. छातीच्या मध्यापासून शेपटीपर्यंतचे माप घेऊन शिवून घ्या. दोन स्वच्छ बारदाने उलगडून शेजारी जोडा, आतून जुन्या लोकरी घोंगडीचे अस्तर आणि त्याखाली सुती कापड, कण्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना मुठीएवढ्या जाडीच्या कापडी उशा, म्हणजे पट्टा आवळला तरी तो कण्यावर बसत नाही. छातीवर दोन बंद, पोटाखालच्या पट्ट्यात चार बोटे सरळ जातील इतकी ढील. आयाळ संपते त्या उंचवट्यावर झूल घासते, तिथे जुन्या साटीनचा तुकडा शिवा. ताडपत्री किंवा प्लॅस्टिक अंगावर नको, घाम आत कोंडतो.

रात्री झुलीखाली खांद्यामागे हात घाला. कोरडे आणि उबदार असेल तर बरोबर, दमट असेल तर झूल जास्त झाली. नुसते कान गार लागले म्हणून घाबरू नका. कान गार, अंग थरथरते आणि शेपूट आत दाबलेली, असे तिन्ही एकत्र दिसले तर झूल आणि चारा दोन्ही. सकाळी झूल काढल्यावर खरारा करताना बोटांनी केसांखालची कातडी चाचपा. लांब केसांत उवा, पाठीवर खपल्यांचे गुच्छ, आणि हळूहळू वर येणाऱ्या फासळ्या डोळ्यांना दिसत नाहीत, हाताला लागतात. दमट झुलीखालीच खपल्या धरतात. ब्लँकेट दिवसरात्र राहिले आहे, तर आजच दोघांची पाठ बघा.

अंघोळ फेब्रुवारीपर्यंत नको. चिखलाचे पाय दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान कोमट पाण्याने धुवा आणि घोट्याच्या मागची खोबण फडक्याने कोरडी करा. फिरवणे सकाळी नऊनंतर, पहिली पंधरा मिनिटे नुसती चाल.

मारवाडी घोडी म्हटली की लग्नसराईत वरातीसाठी मागणी येतेच. ती दिलीत तर रात्री परत आलेल्या, घामाने थबथबलेल्या घोडीकडे विशेष बघा, कारण पुण्याच्या थंडीत सर्वांत वाईट तास तोच असतो. साज लगेच उतरवा, पण ठाणावर बांधू नका. पंधरा-वीस मिनिटे चालवा. पेंढ्याची चुंबळ वळून केसांच्या उलट दिशेने जोरात चोळा: छाती, कुशी, कानांच्या बुडाशी, तंगाखाली (पोटावरून जाणाऱ्या खोगिराच्या पट्ट्याच्या जागी). मग पाठीवर हातभर पेंढा पसरून त्यावर बारदानाची झूल टाका. पेंढ्यातून वाफ निघून जाते आणि बारदान वरून ओले होते, अंग कोरडे राहते. अर्ध्या-पाऊण तासाने पेंढा काढा आणि अंग सुकले का ते पाहा. दमलेल्या घोड्याला पाणी देऊ नये ही समजूत सोडा. कोमट पाणी चार-पाच लिटरच्या टप्प्याने, दहा-दहा मिनिटांनी द्यायचे. चंदी मात्र तासाभराने.

म्हाताऱ्याचे बारीक होणे थंडीच्या नावावर घालू नका. आधी दात. गव्हाणीजवळ चघळून टाकलेले चाऱ्याचे ओले बोळे सापडले, किंवा लिदीत अख्खे दाणे आणि बोटभर लांब काड्या दिसल्या, तर दाढांना धारा आल्या आहेत. कानशीने घासून घ्यायला डॉक्टर बोलवा. तोवर लसूणघासाची वाळवलेली बारीक कुट्टी आणि भरडलेले ओट, दोन्ही एक-एक किलो, कोमट पाण्यात तासभर भिजवून लापशीसारखे, दिवसातून दोनदा. त्यावर राइस ब्रॅन तेल पन्नास मिलिलिटरपासून सुरू करून दोन आठवड्यांत दीडशेपर्यंत न्या, घाईने वाढवलेत तर लीद पातळ होते. उन्हाळ्यातही त्याची लांब कुरळी लव झडली नव्हती असे आठवत असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, ती एका ग्रंथीच्या विकाराची खूण आहे. सकाळी सांधे आखडलेले असतील तर रात्री बंद कोठडीपेक्षा वाऱ्याआड उघड्या आवारात चार पावले टाकता येतील असे ठेवा, हालचालीने सांधे आणि पोट दोन्ही चालतात.

आणि हवामानाच्या अंदाजात अवकाळी पाऊस दिसला तर बाकी सगळे बाजूला ठेवून दोघांना छपराखाली घ्या. चौदा अंशांचा पाऊस आणि वारा हा सहा अंशांच्या कोरड्या पहाटेपेक्षा जास्त घातक असतो.

पोट गच्च झाल्याच्या खुणा अशा: चारा सोडणे, वरचा ओठ मुडपणे, पुन्हापुन्हा कुशीकडे वळून पाहणे, पुढच्या पायाने जमीन उकरणे, आठ-दहा तास लीद नाही. जबड्याच्या हाडाखालून जाणारी धमनी बोटाने दाबून नाडी मोजा. एरवी ती मिनिटाला २८ ते ४४ असते, साठच्या वर गेली तर क्षणाचाही उशीर नको. चारा-चंदी काढून घ्या. शांत पडून असेल तर पडू द्या, लोळायला लागला तर हळूहळू चालवा. बाटलीने किंवा बांबूच्या नळकांड्याने तेल पाजू नका, ते श्वासनळीत उतरते आणि पोटाचे दुखणे बरे होईस्तोवर न्यूमोनिया होतो. डॉक्टर नाकातून नळी घालून पोटात पोहोचवतात. वेदनाशामकही त्यांना विचारल्याशिवाय नको, दुखणे झाकले गेले तर शस्त्रक्रियेची वेळ निघून जाते. फोनवर पहिल्या वाक्यात चार आकडे सांगा: ताप, नाडी, शेवटची लीद किती वाजता, चोवीस तासांत किती लिटर पाणी. बादलीवरच्या खुणा त्यासाठीच आजच करून ठेवा, आणि फाटकापाशी एक दिवा रात्रभर लावून ठेवा, म्हणजे पौडच्या पुढे अंधारात गाडीला वळण सापडेल.